उत्तरेकडचं घर आणि ड्युनेडिनचे चार दिवस

"परदेश परदेश म्हणतात, तो कुठाय रे?" काकूंनी ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या दुकानांसमोर उभं राहून विचारलं. हातात मेथीच्या दोन जुड्या, डावीकडे साड्यांचं दुकान, उजवीकडे पाणीपुरी. "एवढी मेथी तर आमच्या कराडात मिळत नाही. मग मी वीस तास विमानात पाय आखडून बसले कशाला?"

काकू म्हणजे ओंकारची आई. एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. ओंकार आणि मी एका घरात भाड्यानं राहतो. तो शिकायला आला, मास्टर्स केलं, आता इथं कायम राहायचा परवाना मिळालेला रेसिडेंट आहे. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी कामाच्या व्हिसावर आलो. ईस्ट टामाकीच्या एका गोदामात बाहेर जाणारा माल यादीशी ताडून बघतो. गोदामाला खिडकी नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

काकूंना युरोप दाखवायचं आमचा तिसरा मित्र तेजस यानं ठरवलं. तो टौरंगाला किवीची फळं खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे आणि त्याला सगळं सोपं वाटतं. खऱ्या युरोपचा खर्च आणि व्हिसाचे कागद बघितल्यावर तो म्हणाला, "मग ड्युनेडिनला जाऊ. स्कॉटलंडच्या लोकांनीच वसवलंय. दगडी चर्च, कौलं, थंडी, सगळं तिकडचंच. काकूंना काय फरक कळणारे?"

"मला सगळं कळतं," काकू म्हणाल्या. "पण चला."

मातारिकीची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या नववर्षाची, सुट्टी शुक्रवारी होती. सोमवारची रजा टाकली की चार दिवस. आमच्यात वेळापत्रकं, फॉर्म, बुकिंग, ईमेल ही कामं माझी, कारण माझं स्पेलिंग पक्कं आहे. फोनवर बोलणं, डॉक्टर, बँक, घरमालक हे ओंकारचं. मला इंग्रजी लिहिता येतं, पण समोरून कोणी भराभर बोललं की मी फोन ओंकारच्या हातात देतो. शिवाय माझं लायसन्स अजून लर्नरचं, त्यामुळे पहाटे कामावरही तोच सोडतो. दोन वर्षं आमचं असंच चाललंय: मी लिहितो, तो बोलतो.

आता खरी गोष्ट. ओंकार मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि चार वर्षं एका सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर डबे लावतोय. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात त्याला ड्युनेडिनमधून नोकरी देऊ केली, मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यानं. त्याच्या शिक्षणाची पहिली नोकरी. सोमवारी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचं होतं. "गावही बघून होईल," तो म्हणाला. "मंग्या, शनिवारी दोन भाड्याच्या घरांची वेळ घेऊन ठेव ना."

तो जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी कोणाला बोललो नाही. फक्त वेळापत्रक बनवलं.

शुक्रवारी सकाळचं विमान. ऑकलंडहून पावणेदोन तास लागतात. ड्युनेडिनचं विमानतळ गावापासून अर्ध्या तासावर शेतांच्या मधोमध आहे आणि तिथून सिटी बस नाही. एकटे असाल तर शटल सांगा. चौघं असाल तर गाडी भाड्यानं घेणं परवडतं. तेजस चालवायला बसला, मी बाजूला कागद घेऊन.

"साहेब, काय काय आहे आज?"

"अकरा दहा ते अकरा पन्नास, रेल्वे स्टेशन."

"आणि शू?"

"ती त्यातच धरलीये."

"काकू, ऐकलं का? स्टेशनमध्येच आटपून घ्यायचं."

स्टेशन खरोखर बघण्यासारखं आहे. काळ्या दगडात पांढऱ्या दगडाची नक्षी, आत जमिनीवर बारीक फरशीच्या तुकड्यांची चित्रं, रंगीत काचांत इंजिनं. काकूंनी चपला काढायला सुरुवात केली. "एवढी सुंदर फरशी, त्यावर बूट घालून चालतात?" ओंकारनं त्यांना थांबवलं. आत जायला पैसे लागत नाहीत. गाड्या मात्र फार नाहीत, फक्त पर्यटकांच्या, त्याही ठरावीक दिवशी. तिकीट आधी बघून घ्या.

तिथून पाच मिनिटांवर गावाचा आठकोनी मध्य. ओंकार प्रत्येक इमारतीसमोर थांबत होता. मी घड्याळ बघत होतो. जेवायला चीज रोल घेतले. दक्षिणेकडची खास वस्तू. पावाच्या कापात चीज आणि कांद्याचं सारण घालून गुंडाळी करायची आणि भाजायची. सुट्टीचा जादा आकार धरूनही चौघांचं पोट स्वस्तात भरलं. काकूंनी एक रोल उलगडून आत बघितलं. "सुरळीची वडी करायला निघाले होते बिचारे. डाळीचं पीठ मिळालं नसेल."

दुपारी तीनला मी सगळ्यांना सेंट क्लेअरच्या समुद्रावर नेलं. जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, दुपारी तीनला. वारा दक्षिण ध्रुवाकडून सरळ येतो, मध्ये अडवायला काही नाही. हे मला माहीत होतं. मी तीन संकेतस्थळांवर वाचलं होतं. काकूंनी पदर कानांवरून गुंडाळला, वर स्वेटर, वर ओंकारचं जाकीट. मी ओंकारकडे बघितलं. त्याचं नाक लाल झालं होतं. लाटांवर काळे रबरी सूट घातलेली माणसं फळ्या घेऊन तरंगत होती आणि तो त्यांच्याकडे बघून हसत होता.

"वेडे आहेत रे हे," तो म्हणाला. त्यानं हे ज्या सुरात म्हटलं, तो मला आवडला नाही.

शनिवारी सकाळी बाल्डविन स्ट्रीट. जगातली सगळ्यात उभी गल्ली म्हणून ती प्रसिद्ध आहे. गाडी खाली लावा आणि चालत जा; लोक तिथं राहतात, त्यांच्या दारात आरडाओरडा करू नका. पायऱ्या आहेत, कठडा आहे, तरी पोटऱ्या भरून येतात. काकू पंचावन्न पायऱ्यांनंतर एका कट्ट्यावर बसल्या. "तुम्ही जाऊन या. मी जेजुरी चढलेय, मला काही सिद्ध करायचं नाही."

वर पोचल्यावर ओंकार धापा टाकत म्हणाला, "इथं रोज सायकलनं जायचं म्हणजे मेलोच."

"रोज," मी म्हणालो. "आणि पावसात."

तिथून दोन गल्ल्या सोडून ते घर होतं. मला दोन घरांची वेळ घ्यायची होती. मी एकाचीच घेतली. ओंकारला सांगितलं, दुसऱ्यांचं उत्तर आलं नाही. खरं तर मी त्यांना लिहिलंच नव्हतं. त्या दुसऱ्या घराचे फोटो फार छान होते: झाडी, शांतता, समोर ओढा. पहिल्याच्या जाहिरातीत मात्र ठळक लिहिलं होतं की बैठकीची खोली आणि दोन्ही झोपायच्या खोल्या उत्तरेकडे तोंड करून आहेत.

माझ्या गावच्या घरात उत्तरेकडच्या खोलीत ऊन शिरत नाही. तिथं आम्ही कांदे ठेवतो. भिंतीला हात लावला की गार लागते. मी ठरवलं, हेच घर दाखवायचं. थंड, अंधारं, ओलसर. जुलैमध्ये ओंकार दारातूनच मागे फिरेल.

घर दाखवायला शॅरन नावाची बाई आली होती. "किया ओरा, किया ओरा," करत तिनं दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकलं तो थेट उन्हात.

बैठकीची खोली उन्हानं भरली होती. ऊन काचेतून शिरून पार मागच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. बाहेर छपरांच्या कडेला अजून हिम होतं आणि आत काकू स्वेटर काढत होत्या. मला काही कळेना. मी खिशातून फोन काढून होकायंत्र लावलं. खिडकी उत्तरेलाच होती. सूर्यही उत्तरेलाच होता.

शॅरन ओंकारला सांगत होती की या गावात उत्तरेकडचं घर मिळणं म्हणजे नशीब. दरीच्या पलीकडच्या उतारावर हिवाळ्यात जेवणवेळेपर्यंत हिम वितळत नाही. तिनं बोट दाखवलं. पलीकडची सगळी बाजू निळसर सावलीत होती. माझं ते झाडीतलं, ओढ्याकाठचं छान घर तिकडेच कुठेतरी होतं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, भूगोलात हे शिकवलं असणार. दोन वर्षं मी जगाच्या या अर्ध्या भागात राहतोय आणि दिवसा खिडकी नसलेल्या गोदामात असतो; तो कुठून जातो हे मी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

"उत्तर म्हणजे कुबेराची दिशा," काकूंनी जाहीर केलं. त्या गालिच्यावर उन्हात मांडी घालून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. "ओंकार, हिला विचार, इथं पापड वाळत घातले तर चालतात का?"

ओंकारनं विचारलं. शॅरनला पापड समजावून सांगावा लागला. मग ती हसली. "हीप्स ऑफ रूम," जागाच जागा आहे म्हणत तिनं अंगणाकडे हात केला. आणखी दोन कुटुंबं घर बघून गेली होती. हवं असेल तर सोमवारी दुपारपर्यंत फोन करा, म्हणाली, ईमेल नको, त्या माझ्याकडून बघायच्या राहतात.

गाडीत तेजस म्हणाला, "मंग्या, काय घर शोधलंस यार!" ओंकारनं मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. मी वेळापत्रकात बघितलं. पुढे काय लिहिलंय ते मला वाचता येईना.

रविवारी द्वीपकल्प. रस्ता पाण्याला अगदी चिकटून जातो, कठडे बुटके, वळणं फार. पस्तीसच्या वर जाऊ नका, मागून कोणी आलं तर बाजूला घेऊन जाऊ द्या. मध्ये डोंगरावर एक किल्ला आहे, तिकीट काढून बघायचा. काकूंनी तो चहूबाजूंनी तपासला. "बुरूज नाही, खंदक नाही. हा बंगला आहे. किल्ला म्हणून पैसे घेतात?" बाग मात्र त्यांना पसंत पडली.

टोकाला अल्बट्रॉस पक्ष्यांची वसाहत. आत नेणारी सहल महाग आहे. वारा असेल तर बाहेरच्या कड्यावरूनही दिसतात, फुकट. आम्हाला चाळीस मिनिटं थांबावं लागलं. मग एक आला. माणसापेक्षा रुंद पंख, आणि एकदाही न हलवता कड्यावरून वळून गेला.

"पंख हलवायचा कंटाळा," काकू म्हणाल्या. "आमच्या तेजससारखा."

"काकू, मी तीन दिवस गाडी चालवतोय तुमची!"

"म्हणून तर म्हणते, बसून असतोस."

परतताना सेंट किल्डाच्या वाळूवर तेजस एका मोठ्या ओंडक्यासमोर फोटोला उभा राहणार, तेवढ्यात ओंडक्यानं जांभई दिली. समुद्रसिंह. तेजस इतका पळाला की त्याचा एक जँडल, म्हणजे इथला रबरी सपाता, वाळूतच राहिला; जुलैमध्ये जँडल घालणारा तोच. वीस मीटर लांब राहा असं पाटीवर लिहिलेलं आहे. ते मी वाचलं होतं, पण सांगायला विसरलो, कारण मी ओंकारकडे बघत होतो. तो सकाळपासून हसला नव्हता. समुद्रसिंहावरही नाही. मला वाटलं, मनातून गेला हा. घर, कारखाना, सायकल, सगळं ठरलंय त्याचं.

सोमवारी सकाळी मोटेलच्या छोट्या स्वयंपाकघरात काकू चहा करत होत्या. तेजस सामान भरत होता. साडेनऊला ओंकारनं त्याचा फोन माझ्यासमोर ठेवला.

"जरा बघ रे. स्पेलिंग वगैरे. मग पाठवून टाक."

कारखान्याला लिहिलेलं पत्र होतं. आभार, घरगुती कारणं, सध्या शक्य नाही. नकार.

"का?" मी विचारलं.

"आईला ही थंडी सोसायची नाही."

"माझं नाव मध्ये घालू नकोस," गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या काकू म्हणाल्या. "मला काय झालंय?"

ओंकारनं आवाज खाली आणला. "आणि तुझं काय, मंग्या? पहाटे दोन बस बदलून ईस्ट टामाकीला कसा पोचणार तू? मागे दाढ दुखली तेव्हा तीन दिवस तसाच बसलास, मी फोन करेपर्यंत. असं टाकून नाही जाता येत. येईल पुन्हा संधी."

चार वर्षांनी आलेली संधी. मी सवयीनं दोन चुका दुरुस्त केल्या. पत्र आता अगदी बिनचूक होतं. मला हवं होतं तेच त्यात लिहिलं होतं आणि फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

"ओंक्या, हे मी नाही पाठवत."

"का? काय राहिलं?"

"मला दुसऱ्या घराला लिहायचं होतं. मी लिहिलंच नाही. आणि हे घर दाखवलं ते तुला आवडू नये म्हणून. उत्तरेकडचं म्हणजे अंधारं असणार असं वाटलं मला."

मग तेजसनं बॅग खाली ठेवली. "म्हणजे तू वाईट म्हणून निवडलंस आणि ते सगळ्यात भारी निघालं? मंग्या, तुला साधं वाईट वागायलाही जमत नाही?"

ओंकार हसला नाही. "शुक्रवारी सेंट क्लेअर? तो वारा?"

"तेही."

"बाल्डविन स्ट्रीट?"

"ती तर सगळेच बघतात."

"मंग्या."

"काकूंना चढवायची गरज नव्हती," मी म्हणालो.

त्यानं टेबलावरचा फोन उचलला, जाकीट घेतलं आणि बाहेर गेला. दार त्यानं आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी उठायला लागलो तर काकूंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"बस. त्याला येऊ दे राग. रागावला म्हणजे जाईल तरी. तुझी कीव करत राहिला असता, तर म्हातारा होईपर्यंत डबे लावत बसला असता."

"काकू, तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडले ना. पायऱ्यांबद्दल चिडले." त्या समोर बसल्या. "आणि तू काय समजतोस, याला दोन वर्षं तुझा आधार नव्हता? अर्ज कोणी लिहून दिला त्या कारखान्याला?"

मी दिला होता. तीनदा तपासून.

अकरा वीसला ओंकार परत आला. खुर्चीवर बसून त्यानं स्वतःच पत्र लिहिलं, चार ओळींचं. मला तपासायला दिलं नाही. बाजूला बसल्यामुळे मला दिसलं की दुसऱ्या ओळीत एक अक्षर गळलंय. मी गप्प राहिलो. त्यानं पाठवलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता शॅरनला फोन तू कर."

"मी?"

"वेळ तूच घेतली होतीस ना?"

मी कागदावर पाच वाक्यं लिहून घेतली. मोटेलच्या मागच्या अंगणात जाऊन फोन लावला. शॅरननं उचलला आणि माझं पहिलं वाक्य पूर्ण होण्याआधीच ती भराभर बोलायला लागली. मी म्हणालो, "सॉरी, प्लीज स्लो." ती थांबली. मग हळू बोलली. हे दोन शब्द मला दोन वर्षांत कधी सुचले नव्हते. घर अजून होतं. तिनं नाव, नोकरी, कधीपासून हवंय, सगळं विचारलं. मग माझ्या कागदावर नसलेला प्रश्न आला: घरात कोण कोण राहणार? तुम्हीसुद्धा?

"नाही," मी म्हणालो. "मी नाही. ओंकार आणि ऑक्टोबरपर्यंत त्याची आई."

"स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली. म्हणजे झकास, ठरलं.

आत येऊन सांगितलं. काकूंनी हात जोडून खिडकीकडे नमस्कार केला. ओंकारनं फक्त मान हलवली. विमानात तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला नाही; त्यानं तेजसशी जागा बदलली. बुकिंग मीच केलं होतं, ओळीनं चौघांचं.

जायचं ठरवत असाल तर दोन गोष्टी. चार दिवस पुरतात, पण जुलैमध्ये सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे एका दिवसात तीनच ठिकाणं धरा. मोटेल घेताना खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारा.

ओंकार तीन आठवड्यांनी काकूंना घेऊन गेला. जाण्याआधी आमच्यात नीट बोलणं झालं असं म्हणता येणार नाही. सामान बांधताना त्यानं एकदा विचारलं, "अजून काही लपवलंयस?" मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. त्यानं कुकर माझ्यासाठी ठेवला. काकू दर रविवारी फोन करतात, उन्हाचा फोटो पाठवतात. पापड झाले, आता कुरडया चालू आहेत. मागून ओंकारचा आवाज येतो. गेल्या रविवारी त्यानं मागूनच ओरडून विचारलं, "दाढेचं काय झालं त्याच्या?" मी काकूंना सांगितलं की वेळ घेतलीये, मंगळवारची.

मी पहाटे चार दहाला निघतो. दोन बस. पहिली चुकली तर सगळंच चुकतं, म्हणून ड्रायव्हिंगच्या परीक्षेला नाव दिलंय. ओंकारची खोली अजून रिकामी आहे. जाहिरात मी लिहिली, आणि फोन नंबरही माझाच दिला. परवा वेलिंग्टनहून एका मुलाचा फोन आला, बहुधा पंजाबी, शॅरनपेक्षाही भराभर बोलणाऱ्यांपैकी. भाडं विचारलं, स्टेशन किती लांब विचारलं. मग म्हणाला, आधीचा माणूस सोडून का गेला? घरात काही भानगड आहे का?

मी "प्लीज स्लो" म्हणालो. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," मी म्हणालो. "त्याला चांगली नोकरी लागली."